पिवळी रेघ

कारभारीनं एक डोळा मिटला आणि हातातला कूलर दुकानाच्या दाराकडे, बाहेरच्या उन्हाकडे धरला. तांब्याची गोल वस्तू, तळहातात मावेल एवढी, दाट पाकळ्यांची, मधोमध निळा पंखा. पाकळ्यांच्या फटींतून पलीकडचा रस्ता दिसतो का, ते तो बघत होता. दिसला नाही. मग त्यानं ती तोंडाजवळ नेऊन जोरात फुंकर मारली आणि दुसरा हात पलीकडे धरून वारा किती पोचतो ते अजमावलं.

"काका, त्याला पंखा आहे. फुंकायची गरज नाही," दुकानदार म्हणाला.

काउंटरजवळच्या दोघा गिऱ्हाइकांना हसू आलं. बेबीनंदानं मान खाली घातली आणि हातातला कागद उगीचच वाचायला घेतला. पोरीला लाज वाटली हे कारभारीच्या लक्षात आलं. तरी त्यानं आणखी एकदा फुंकर मारलीच.

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर तीस वर्षं तो ट्रॅक्टर-ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करत आला होता. इंजिन उकळलेली वाहनं गेवराईपासून, पैठणपासून त्याच्या शेडसमोर येऊन उभी राहत. तापलेल्या वस्तूला थंड कसं करायचं हे आपल्याला औरंगाबादच्या कॉम्प्युटरवाल्यानं शिकवावं, असं त्याला काही वाटत नव्हतं. मग ती वस्तू ट्रॅक्टरएवढी असो, की पोरीच्या कॉम्प्युटरच्या पोटातली वीतभर पाटी असो.

त्या पाटीला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, पडद्यावरचं चित्र तीच रंगवते आणि तीच फिरवते, हे त्याला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. बेबीनंदानं जालन्याला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. गेली दोन वर्षं ती अंबडच्या बद्रीनाथ इंजिनिअरसाठी घरांची चित्रं करून देत होती. न बांधलेलं घर पडद्यावर उभं करायचं, त्याला रंग द्यायचा, गोल फिरवून मालकाला चारी बाजूंनी दाखवायचं. मालक खूश होत, बांधकाम बद्रीनाथला मिळे, आणि चित्राच्या कोपऱ्यात नावही बद्रीनाथचंच छापलं जाई. बेबीनंदानं एकदा आपल्या नावाचा विषय काढला होता. त्यावर बद्रीनाथ म्हणाला होता, नंतर बघू.

आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच्याच ऑफिसात, गिऱ्हाइकासमोर, तिनं घरून नेलेल्या मशीनवर बंगला अर्धा फिरून थांबला. पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा उमटल्या आणि सगळं गोठलं. मे महिना, त्यातून कार्डाचा मूळचा चिमुकला पंखा धुळीनं गच्च झालेला. बद्रीनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, पोरींच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं. येत्या सोमवारी अंबडच्या एका शिक्षणसंस्थेच्या नव्या शाळेचं चित्र कमिटीसमोर फिरवून दाखवायचं होतं. त्या दिवशी मशीन पुन्हा बंद पडलं तर पुढच्या महिन्यापासून औरंगाबादचा ऑपरेटर बोलावणार, हेही त्यानं तेव्हाच सांगून टाकलं. बेबीनंदानं घरी येऊन जेवताना हे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, पण भाकरी मात्र तशीच ताटात राहिली.

म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीनं बापलेक औरंगाबादला आले होते. बेबीनंदा तयारीनिशी आली होती. अंबडच्या सायबर कॅफेत बसून तिनं कोणता कूलर किती डिग्री उतरवतो याची यादी केली होती, नकाशावर लिहितात तशा टाकाच्या अक्षरात. यादीत पहिला होता तो हाच, तांब्याचा.

"तांबं चांगलंच," कारभारी शेवटी म्हणाला. "त्याच्यावानी उष्णता दुसरं कोणी ओढत न्हाई. पण हे नंबर काढले कुठं?"

"इंटरनेटवर आहेत, दादा. परदेशातल्या लोकांनी टेस्ट केलेत."

"त्याह्यच्या गावात कापूस पिकतो का?"

बेबीनंदानं यादीवरची नजर उचलली. दुकानदारही जरा थांबला.

कारभारीनं खिशातून एसटीचं तिकीट काढलं आणि पाकळ्यांच्या फटीत घालायला गेला. तिकीट दुमडलं, आत शिरेना. दुसरा कूलर दोन पंख्यांचा, चकचकीत. त्याच्या पत्र्यांत ते निम्म्यावर जाऊन अडकलं. तो दुकानदाराला समजावून सांगू लागला की मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा रेडिएटर भुशानं कसा बुजतो, कंपनीतून आलेली दाट जाळी आमच्याकडे एक हंगाम टिकत नाही, आणि जिनिंगकडे जाणारे कापसाचे ट्रक घरासमोरून गेले की कपड्यांवर, भांड्यांवर, चहावरसुद्धा तंतू बसतात. ही फट दोन महिन्यांत भरली की मग तांबं काय आणि सोनं काय. विरळ पत्र्याचं काही आहे का तेवढं दाखवा.

दुकानदारानं स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून एक मोठं खोकं काढून त्यावरची धूळ झटकली. कोणी घेत नाही, दिसायला बरा नाही, असं तो स्वतःच म्हणाला. ॲल्युमिनियमचे रुंद पत्रे, त्यांतून गेलेल्या तांब्याच्या चार नळ्या, वर एक मोठा काळा पंखा. ना दिवा, ना रंग. कारभारीनं तिकीट वरून सोडलं, ते पत्र्यांमधून खाली काउंटरवर येऊन पडलं. त्यानं कूलर दाराकडे धरला. या वेळी त्याला रस्ता दिसला, रस्त्यावरची रिक्षा दिसली, रिक्षावाल्याचा खाकी शर्टही दिसला.

त्यानं कूलर तिच्यापुढे ठेवला. मशीन पोरीचं, रोजीरोटी पोरीची, निवड तिचीच. बेबीनंदानं आपल्या यादीत बघितलं. हा कूलर यादीत पाचवा होता. तिनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"हाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

परतीच्या एसटीत खोकं कारभारीच्या मांडीवर होतं. शेजारच्या प्रवाशानं न विचारता त्याला सगळं कळलं: ही माझी पोरगी, ही न बांधलेली शाळा उभी करून दाखवती, आणि ते मशीन तापू नये म्हणून आम्ही हे घेऊन चाललो. पाचोडला तो प्रवासी उतरला आणि दुसरा बसला, तेव्हा त्यालाही सगळं कळलं. बेबीनंदा खिडकीबाहेर बघत होती, पण मधूनमधून तिचा गाल हसत होता.

घरी आल्यावर शेडमधल्या बाकावर धुतलेला टॉवेल अंथरला गेला. बेबीनंदानं कार्ड काढून जुना पंखा सोडवला, स्पिरिटच्या बोळ्यानं चिप पुसली. इथवरचं काम तिचं. पुढचं बसवायचं काम कारभारीनं आपल्याकडे घेतलं, आणि ते कोणी काढून घेईल अशी वडीगोद्रीत कोणाची प्राज्ञा नव्हती. नेमका तेव्हा बद्रीनाथचा फोन आला. घरात मोबाईलला आवाज नीट येत नाही म्हणून ती रस्त्यापलीकडे जाऊन बोलत राहिली. सोमवारी कोणकोण येणार, किती वाजता, काय दाखवायचं आणि काय नाही.

खोक्यात राखाडी लेपाची बारकी नळी होती. चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावायची. कारभारीला यात शिकण्यासारखं काही दिसलं नाही. दोन पृष्ठभागांमध्ये लेप लावायचा तो भरपूर, पिळल्यावर चारी बाजूंनी बाहेर आला म्हणजे सांधा पक्का. इतकी वर्षं तो गॅस्केट असेच बसवत आला होता आणि त्याचा एकही सांधा गळला नव्हता. त्यानं नळी शेपटीपासून गुंडाळत नेली आणि पूर्ण रिकामी केली. मागच्या पट्टीवरचे चार स्क्रू आळीपाळीनं, सारख्या दाबानं पिळले. मग पिवळ्या ऑइलपेंटचा डबा उघडून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत एक-एक बारीक रेघ ओढली.

ही रेघ म्हणजे त्याची सही. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि मागाहून कोणी हात लावला का ते बघताक्षणी कळतं. काही ड्रायव्हर वाटेत दुसऱ्या मिस्त्रीकडून खोलून घेत आणि गळायला लागलं की कारभारीच्या नावानं बोंब मारत. पिवळ्या रेघेनं अशा कित्येकांची तोंडं बंद केली होती.

फोन संपवून आलेली बेबीनंदा कार्डाकडे बघत राहिली. चिपच्या कडेनं लेपाचा जाड पट्टा बाहेर आला होता.

"चारी बाजूंनं आलाय," कारभारी म्हणाला. "बराबर बसलं बघ."

"हो, दादा," ती म्हणाली.

कूलर उंच निघाला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण बसेना. कारभारीला उलट बरंच वाटलं. त्यानं छिन्नीनं झाकणाला चौकोनी खिडकी पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मळणीच्या ट्रॅक्टरला लावतात तशी बारीक जाळी चार रिव्हेट मारून बसवली. मशीन चालू केलं. बेबीनंदानं शाळा पडद्यावर उभी करून अर्धा तास फिरवली. आधी कार्ड चौऱ्याण्णव डिग्रीला जाऊन गोठत होतं. आता ते त्र्याऐंशीवर थांबलं आणि गोठलं नाही. अकरा डिग्री उतरवल्या, असं कारभारीनं हॉटेलात सांगितलं, पंक्चरवाल्याला सांगितलं आणि बायकोला, चतुराबाईला, तर दोनदा सांगितलं. आता यांना कॉम्प्युटरचाही बोर्ड लावून द्या, असं चतुराबाई भाजी निवडता निवडता म्हणाली.

रविवारी शहागडला एका ट्रॅक्टरचं काम निघालं आणि त्याचा दिवस तिकडेच गेला.

सोमवारी सकाळी मशीन घेऊन अंबडला निघण्याआधी बेबीनंदानं मशीन पुन्हा एकदा चालवून बघितलं आणि ती आवरायला आत गेली. कारभारीनं पडद्यावरचा आकडा वाचला. सहासष्ट. सकाळचा गारवा आहे म्हणून असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण वडीगोद्रीच्या मे महिन्यात सकाळी साडेनऊलाही गारवा असा नसतोच. त्यानं मशीन बंद केलं. जीपमध्ये हादरे बसतील, स्क्रू एकदा बघून घ्यावेत म्हणून झाकण काढलं, आणि वाकून कार्डाच्या मागच्या बाजूला नजर टाकली.

चारही रेघा तुटल्या होत्या. स्क्रूवरचा रंग एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे.

त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तीस वर्षांत त्याचं काम त्याच्या माघारी खोलायची हिंमत फार थोड्यांनी केली होती. ज्यांनी केली त्यांना त्यानं पुन्हा दारात उभं केलं नव्हतं. हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात रिकाम्या खोक्यातून डोकावणारा कागद त्याला दिसला. परवा त्यानं तो बघितलाही नव्हता. इंग्रजी मजकूर होता, पण चित्रांना भाषा लागत नाही. एका चित्रात चिपच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, खाली बरोबरची खूण. शेजारच्या चित्रात सगळी चिप लेपानं माखलेली, कडेनं ओघळ, त्यावर मोठी फुली.

फुलीवालं चित्र हुबेहूब त्याच्या कामाचं होतं.

तो बाकावर टेकला. रेडिएटरच्या सांध्याला आतलं पाणी अडवायचं असतं, म्हणून लेप भरपूर हवा. इथं अडवायचं काहीच नव्हतं. इथं उष्णता पलीकडे जाऊ द्यायची होती, आणि त्यानं मधे भिंत घातली होती. एवढी साधी गोष्ट. पत्र्याच्या फटी तिकिटानं मोजणाऱ्या माणसाच्या ध्यानात ती यायला हवी होती. त्याला स्वतःचा राग आला. मग काल तो शहागडला असताना याच बाकावर एकटी बसून जास्तीचा लेप पुसून काढणारी पोरगी त्याच्या डोळ्यांपुढे आली. दुकानात त्याच्या शब्दावर यादीतला पहिला कूलर सोडून पाचवा घेतला होता तिनं. पण बाप म्हणाला बराबर बसलं, म्हणून ते बराबर बसलं असं मात्र तिनं धरलं नव्हतं.

आणि मग त्याचं लक्ष पिवळ्या रंगाच्या डब्याकडे गेलं. डबा हाताशीच होता, ब्रश आडवा ठेवलेला. रेघा कशा ओढायच्या हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हात तर बापापेक्षा सफाईदार. चार रेघा ओढल्या असत्या तर त्याला जन्मात पत्ता लागला नसता. तिनं त्या ओढल्या नव्हत्या. बापाची चूक तिनं बापाला सांगितली नाही, पण झाकूनही ठेवली नाही. असा कारागीर आपल्या हाताखाली तयार झाला आणि आपल्याला कळलंदेखील नाही, याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

"चहा गार होऊन राह्यला," चतुराबाई दारातून म्हणाली. "काय झालं? बिघडलं का काई?"

"न्हाई. बिलकुल बराबर आहे."

त्यानं झाकण लावलं. ब्रशला त्यानंही हात लावला नाही.

संध्याकाळी भारनियमन असल्यामुळे कमिटीची बैठक दुपारी दोनलाच ठेवली होती. जुन्या शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. औरंगाबादच्या दोन इंजिनिअरांनी कागदावरचे नकाशे दाखवून झाले होते. मग बद्रीनाथ उठला, शाळेविषयी चार शब्द बोलला आणि बेबीनंदाकडे बघून हात केला. कारभारी जीपमधून मशीन उतरवून भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. त्याची नजर पडद्यावर नव्हती, झाकणाच्या जाळीवर होती.

शाळा उभी राहिली आणि फिरू लागली. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब सत्तरीचे, शेतकरी माणूस. कागदावरचे नकाशे बघताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला होता. आता ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि एकामागून एक विचारत सुटले. फाटकातून आत आल्यावर काय दिसतं, मुलींचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला, दुपारचं ऊन कुठल्या वर्गात येतं. बेबीनंदा दाखवत गेली. ऊन येणाऱ्या वर्गांना खिडकीवर पुढे आलेला छज्जा तिनं तिथल्या तिथे लावून दाखवला. पाऊण तास झाला. बद्रीनाथनं तीनदा घाम पुसला. पडद्यावर एकही रेघ उमटली नाही.

मग अण्णासाहेबांचं लक्ष डब्याच्या कुशीतल्या जाळीकडे गेलं. ते वाकले, आतला कूलर बघितला आणि भिंतीकडे वळले.

"कारभारी मिस्त्री, ही जाळी तुमचीच दिसून राह्यली. मळणीच्या वक्ताला आमच्या ट्रॅक्टरला अशीच बसवल्ती तुम्ही."

"हो, दादांनीच बसवलंय सगळं," बेबीनंदा माऊसवरचा हात न काढता म्हणाली. "कूलर निवडलाही त्यांनीच."

अण्णासाहेब कमिटीकडे बघून म्हणाले, मग बंद कसं पडेल, याच्या हातचं काम आहे. दोघा-तिघांनी माना हलवल्या. बद्रीनाथनंही हलवली. एरवी अशा वेळी कारभारी टोपी सारखी करायचा आणि समाधानानं खाली बघायचा. आज तो उभा राहिला.

"निवडलं मी, अण्णा," तो म्हणाला. "पण बसवलं चुकीचं. ते तसंच राह्यलं असतं तर आज इथं बंदच पडतं. तिनं माझ्या माघारी खोलून बराबर केलं."

बेबीनंदाचा हात थांबला. पडद्यावरची शाळा फाटकाकडे तोंड करून तशीच उभी राहिली. तिनं बापाकडे बघितलं नाही. पण तिचे कान लाल झालेले कारभारीला मागून दिसले.

अण्णासाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. आधी ते मिस्त्रीकडे बघत राहिले, मग पोरीकडे.

"हे चित्र कोणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या ऑफिसमधूनच..." बद्रीनाथ पुढे सरकला.

"त्याच्या कोपऱ्यात तुमचं नाव आहे, ते वाचलं मी. मी पोरीला विचारतोय. नाव सांग बाई, पूर्ण."

शेजारी सचिव वहीवर पेन टेकवून थांबले. कारभारीच्या अगदी ओठावर नाव आलं होतं. ते त्यानं तिथंच धरून ठेवलं. बेबीनंदा उठून उभी राहिली. तिनं ओढणी सारखी केली आणि नाव सांगितलं, पहिलं, मधलं आणि आडनाव. पंख्याच्या आवाजात सचिवांना मधलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"कारभारी," ती म्हणाली, या वेळी मोठ्यानं.